गोरज मुहूर्तावर आम्हाला नेमकी कुठली अरुंधती दाखवली?

शहापूरची_लेक | ९ जानेवारी

माझं लग्न गेल्या महिन्यात झालं, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. मुहूर्त गोरज. सप्तपदी आटपेस्तोवर साडेसात वाजले. मग भटजींनी आम्हा दोघांना कार्यालयाच्या मागच्या दारातून बाहेर काढलं. तिकडे आचाऱ्यांची माणसं पातेली घासत होती, मी शालू वर धरून खरकट्या पाण्यातून उड्या मारत उभी. भटजींनी उत्तरेकडे बोट केलं, "ती बघा अरुंधती, दिसली का?" मी म्हटलं दिसली. नवरा म्हणाला दिसली. सासूबाई बैलहोंगलच्या, घरात सगळं कन्नडच. त्या दारातून "अरुंधती कंडळा?" म्हणाल्या. त्यांनाही होच सांगितलं.

खरं सांगू का, मला पाच तारे दिसले, इंग्रजी एम काढल्यासारखे. त्यातली अरुंधती कुठली हे ना मी विचारलं, ना त्यांनी सांगितलं. फोटोवाला घाई करत होता आणि मांड्यांची पंगत खोळंबलेली. परवा नवऱ्याला खोदून विचारलं तर म्हणतो, मला काहीच दिसलं नव्हतं, तू हो म्हणालीस म्हणून मी हो म्हणालो.

तर आम्ही काय बघितलं? आणि व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो, की बाकीच्या जोडताऱ्यांत एक तारा जागेवर असतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो, फक्त वसिष्ठ-अरुंधतीच एकमेकांभोवती फिरतात, म्हणून नवरा-बायकोला ते दाखवतात. यात किती तथ्य?

कुंदाप्रेमी | ९ जानेवारी

आधी मांडे किती खाल्ले ते सांगा. मग तारे.

आकाशवेडा_टिळकवाडी | ९ जानेवारी

अभिनंदन! आणि एक वाईट बातमी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी साडेसातला आपल्या बेळगावातून अरुंधती दिसूच शकत नाही. ती तेव्हा क्षितिजाच्या चांगलीच खाली असते.

आपण साधारण पावणेसोळा-सोळा अक्षांशावर आहोत. ध्रुव आपल्याकडे उत्तर क्षितिजापासून जेमतेम सोळा अंश वर दिसतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीच्या दीडपट. दिल्लीच्या वर, हिमालयाकडे गेलात तर सप्तर्षीचा काही भाग रात्रभर मावळत नाही. आपल्याकडे तो सगळाच उगवतो आणि मावळतो. तुमच्या लग्नाच्या रात्री वसिष्ठ-अरुंधती एकच्या सुमारास उगवले असणार, झाडाबिडांच्या वर नीट यायला अडीच-तीन. सध्या अकराला उगवतात. फेब्रुवारीच्या मध्याला साडेआठला. एप्रिल-मेमध्ये मात्र मजा, जेवून अंगणात आलं की समोर हजर.

इंग्रजी एमसारखे पाच तारे म्हणजे शर्मिष्ठा तारकासमूह. त्या वेळी ती उत्तरेला अगदी ऐन उंचीवर असते.

निपाणीकर_काका | ९ जानेवारी

थांबा थांबा. शर्मिष्ठा??? म्हणजे सप्तपदी झाल्या झाल्या पोरीला सवत दाखवली?

कुंदाप्रेमी | ९ जानेवारी

🤣🤣 काका, पाणी पीत होतो, लॅपटॉपवर सांडलं.

आकाशवेडा_टिळकवाडी | १० जानेवारी

काका, तुम्ही म्हणताय ते पूर्ण खरं आहे. डिसेंबरच्या संध्याकाळी ते सगळं घराणंच डोक्यावर असतं. शर्मिष्ठा, तिच्या बाजूला देवयानी, पलीकडे ययाती, खाली बाप वृषपर्वा. आकाशातलं सगळ्यात मोठं कौटुंबिक भांडण. भटजींनी त्यातच बोट घातलं.

आणि जोडताराच दाखवायचा तर त्या ययातीतही एक झकास आहे, अल्गॉल. नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा अंधुक जोडीदार तेजस्वी ताऱ्यापुढून जातो आणि तारा काही तास उतरतो, एरवीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होतो. मग परत पहिल्यासारखा. अरबांनी नाव ठेवलंय भुताचं डोकं. या उतरण्याला ठरावीक काळ आहे हे १७८३ साली गुडरिक नावाच्या, ऐकू न येणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराने मांडलं, नुसतं रोज बघून.

शहापूरची_लेक | १० जानेवारी

दर तीन दिवसांनी तोंड उतरतं आणि काही तासांत परत जागेवर. हा माझा नवराच. डिसेंबरातल्या लग्नांना हाच दाखवा.

अनगोळचे_गुरुजी | १० जानेवारी

सगळे मिळून भटजींना धुताय म्हणून लिहितो. मी स्वतः लग्नं लावतो. अहो, आम्हाला माहीत असतं. दुपारी बारा पस्तीसच्या मुहूर्तालाही आम्ही अरुंधती दाखवतो, तेव्हा वर फक्त ऊन असतं. तरी वधू-वर दिसली म्हणतात. हा विधी आता बोट दाखवण्यापुरता उरलाय, कारण कार्यालय चार वाजता रिकामं करायचं असतं.

मूळ मात्र वेगळं आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात आहे की ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी बघेपर्यंत वधूने मौन धरायचं. बघून झालं की मग बोलायचं, नवऱ्याला आयुष्य आणि आपल्याला संतती लाभो असं. म्हणजे खरोखर रात्र पडायची वाट बघायचे.

आणि तारा दाखवायची रीतही होती. अरुंधती बारीक, एकदम सापडत नाही. म्हणून आधी शेजारचा मोठा तारा दाखवायचा, हीच अरुंधती म्हणून. नजर तिथे ठरली की मग सांगायचं, ही नव्हे, हिच्या अंगाला चिकटलेली ती. शास्त्रात यालाच अरुंधतीदर्शन न्याय म्हणतात. ढोबळावरून सूक्ष्माकडे न्यायचं. तुमच्या भटजींनी ढोबळच जरा लांबचं धरलं म्हणा.

निपाणीकर_काका | १० जानेवारी

गुरुजी, नियम पाळायचा तर डिसेंबरातल्या नवरीने पहाटे अडीचपर्यंत गप्प बसायचं? नवरदेव दक्षिणा दुप्पट देईल.

अनगोळचे_गुरुजी | १० जानेवारी

दक्षिणेचं बोलणं मुहूर्त काढतानाच व्हायला हवं 🙏

फुगडी_मास्तर | ११ जानेवारी

तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, त्यामुळे तो व्हॉट्सॲप मेसेज वाचला की माझा हात छडी शोधतो.

एक जागेवर आणि दुसरा फिरतो, असा जोडतारा अख्ख्या विश्वात नाही. नागपंचमीला फुगडी बघितलीय ना? दोघी सारख्या वजनाच्या असल्या तर दोघी सारख्याच फिरतात, मधल्या हातांच्या गाठीभोवती. एक थोराड आणि एक किरकोळ असली तर थोराड बाई लहानशा वर्तुळात फिरते आणि किरकोळ पोर लांबून गरगरते. पण थोराड बाई उभीच आहे असं होत नाही, ती उभी राहिली तर फुगडीच मोडेल. तारे तसेच, दोघांच्या समाईक गुरुत्वमध्याभोवती. पृथ्वी आणि चंद्रही तसेच, फक्त तिथे मध्य पृथ्वीच्या पोटातच पडतो म्हणून कळत नाही. व्याधाचंच बघा. त्याची चाल नागमोडी होती, म्हणून कोणीतरी ओढतंय हे कळलं. पुढे १८६२ मध्ये तो बारका जोडीदार दुर्बिणीत सापडला. दोघांची फुगडी पन्नास वर्षांची.

म्हणजे "फक्त वसिष्ठ-अरुंधतीच" हे खोटं. उलट ज्या सगळ्या जोड्यांत हे चटकन मोजता येतं, त्यात हीच जोडी बसत नाही. दोघांत अंतर इतकं आहे की फेरी असलीच तर लाखो वर्षांची. ऋषींनी सोडा, आपण दुर्बीण लावल्यापासूनही त्यातली बोटभर फेरी झालेली नाही.

माळमारुती_मुलगा | ११ जानेवारी

मास्तर, "असलीच तर" म्हणजे? एकमेकांना बांधलेत की नाहीत?

फुगडी_मास्तर | ११ जानेवारी

बहुतेक बांधलेत. दोघेही आपल्यापासून ऐंशीच्या वर प्रकाशवर्षं, आकाशात एकाच दिशेने एकाच वेगाने चाललेत. पण सप्तर्षीतले सातपैकी मधले पाच तारे तसेच एका टोळीने चालतात, म्हणून नुसतं बरोबर चालणं हा पुरावा धरत नाहीत. २००९ मध्ये अरुंधतीलाच एक बारका लाल बटुतारा जोडीला सापडला, तेव्हा हिशोब परत मांडले आणि वसिष्ठाशी नातं आहे या बाजूने पारडं झुकलं.

निपाणीकर_काका | ११ जानेवारी

म्हणजे सोबत राहतात, जातात-येतात, पण कागदावर अजून पक्कं नाही. आपल्या सीमाप्रश्नासारखं. सुप्रीम कोर्टात घाला, २००४ चा आपला दावा आहेच तिथे, शेजारी बसतील.

संपादक_मंडळ | ११ जानेवारी

काका, सीमाप्रश्नाला स्वतंत्र धागा आहे. त्याला चारशे प्रतिसाद झालेत, तिकडे जा.

आकाशवेडा_टिळकवाडी | ११ जानेवारी

वसिष्ठाच्या घरात किती माणसं आहेत ते तर अजून कोणी सांगितलंच नाही. लहान दुर्बीण लावली तरी वसिष्ठच दोन दिसतो. १६१७ मध्ये गॅलिलिओ आणि त्याचा शिष्य कास्टेली यांनी ते बघितलं. १८५७ मध्ये हार्वर्डला फोटो काढला, जोडताऱ्याचा पहिला फोटो तोच. मग १८८९ मध्ये पिकरिंगच्या लक्षात आलं की त्यातल्या मोठ्या ताऱ्याच्या वर्णपटातल्या (प्रकाश फोडून मिळणाऱ्या रंगपट्ट्यातल्या) रेषा कधी एक दिसतात, कधी फुटून दोन. म्हणजे तिथेही दोन तारे, एक आपल्याकडे येतोय, दुसरा लांब जातोय. इतके जवळ की कुठल्या दुर्बिणीत वेगळे होईनात. अंतोनिया मोरी या बाईंनी त्यावर पुढे बरंच काम केलं. त्यांची फेरी साडेवीस दिवसांची. पुढे धाकट्यातही दोन निघाले.

वसिष्ठाकडे चार, अरुंधतीकडे दोन. एकूण सहा.

शहापूरची_लेक | ११ जानेवारी

नवऱ्याकडची चार माणसं आणि माझ्याकडून मी अधिक एक. बैलहोंगलला अगदी हेच गणित आहे. माझ्याकडची ती एक म्हणजे आई, रोज फोनवर.

इतिहासप्रेमी_वडगाव | १२ जानेवारी

भीष्मपर्वात व्यास धृतराष्ट्राला अपशकुन सांगतात, त्यात अरुंधतीने वसिष्ठाला मागे टाकलं असं आहे. यावरून महाभारताचं साल काढता येतं. माझा हिशोब असा, की

संपादक_मंडळ | १२ जानेवारी

पुढचे एकवीस परिच्छेद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया समजून घ्या.

फुगडी_मास्तर | १२ जानेवारी

साल राहू द्या, पण त्या श्लोकामागचं निरीक्षण छान आहे. रोजच्या चालीत वसिष्ठ पुढे असतो. तो डोक्यावरची उत्तर-दक्षिण रेषा ओलांडतो, त्यानंतर साधारण सव्वा मिनिटाने अरुंधती. ती मागून चालते हे बघणाऱ्याने नीट बघितलं होतं, म्हणून ती पुढे गेली हे अशुभ वाटलं.

खानापूरकर_जांबोटी | १४ जानेवारी

धागा तीन दिवस वाचूलालोय, आता लिहितो. तिळगूळ घ्या आधी.

आमच्या आजीला वसिष्ठ-अरुंधती ही नावं माहीत नव्हती. ती सप्तर्षीला बाजलं म्हणायची. चार तारे म्हणजे बाज, आणि मागचे तीन म्हणजे बाज चोरायला आलेले चोर. सुगीनंतर खळ्यावर राखणीला झोपायचो तेव्हा माझी हनुवटी धरून वर करायची. "मधल्या चोराच्या अंगाशी बारकी चांदणी हाय बघ. दिसूलाय?" दिसली म्हटलं की विचारायची, "कुठल्या अंगाला?" नुसतं हो चालायचं नाही तिला.

नंतर मी उद्यमबागला फाउंड्रीत लागलो, गावी जाणं आठवड्याला एकदा. मधल्या काही वर्षांत आजीने वर बघायचं सोडलं. विचारलं तर "मान धरते" म्हणायची. मग एका दिवाळीला तिने आपल्या बुगड्या मावशीला देऊन टाकल्या, दोन चांगली लुगडी काकूला. आम्हाला वाटलं म्हातारं माणूस, हौस.

गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. मार्चमध्ये एका रात्री मी तिचा हात धरून परसाकडे नेत होतो, लाईट गेलेली. ती मधेच थांबली. मला वाटलं ठेच लागली. वर बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही, नुसती माझ्या मनगटावरची पकड घट्ट. मग म्हणाली, "दोन हायत की रे."

घरात आल्यावर तिने सांगितलं. तिच्या सासूने तिला नवी नवरी असताना सांगितलेलं, ती बारकी चांदणी दिसेनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत जातं. हिला दिसेनाशी झाली, हिने कुणाला सांगितलं नाही, गुपचूप वाटावाटी सुरू केली. सहा महिने गेले, वर्ष गेलं, चार वर्षं गेली, काही होईना. आता परत दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे बसून मला विचारते, "मावशीकडनं बुगड्या परत मागितल्या तर चालतंय काय?"

कुंदाप्रेमी | १४ जानेवारी

मागितल्या का??

खानापूरकर_जांबोटी | १४ जानेवारी

मागितल्या. मावशीने एकच दिली, दुसरी मोडून पोरीला रिंगा केल्या होत्या.

गणेशपूर_डॉक्टरीणबाई | १५ जानेवारी

खानापूरकर, आजीला माझा नमस्कार सांगा.

डोळ्यांबद्दल थोडं. दोन ताऱ्यांमधलं अंतर जवळजवळ बारा कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे, पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या दोन-पंचमांश. धडधाकट डोळा एका कलेपर्यंत फरक करतो, म्हणजे त्या अंतरात कठीण काही नाही. अडचण दुसरी आहे. अरुंधती वसिष्ठापेक्षा साधारण पाचपट अंधुक. मोतीबिंदूत प्रकाश डोळ्यात पसरतो, मोठ्या ताऱ्याभोवती धुकं होतं आणि बारका त्यात बुडतो. चष्म्याचा नंबर थोडा चुकला तरी तेच. ज्याला ही दिसेनाशी झाली त्याने बुगड्या वाटू नयेत, डोळे तपासून घ्यावेत.

माळमारुती_मुलगा | २ मार्च

धागा वर आणतो. काल आम्ही चौघे राजहंसगडावर गेलो अरुंधती बघायला. येळ्ळूरचा वारा असा, की दोन तासांत कान गेले. आणि दिसलं काय, तर बेळगाव. गड शहराच्या दक्षिणेला, अरुंधती उत्तरेला, म्हणजे सगळा उजेड बरोबर तिच्या पायाशी. हे आधी का सुचलं नाही देव जाणे. वसिष्ठ दिसला, दुसरी असेल-नसेल.

आकाशवेडा_टिळकवाडी | २ मार्च

तुम्ही गेलात लवकर, ती अजून खाली होती. उत्तरेचं बघायचं तर शहर पाठीशी ठेवा. काकतीच्या पुढे हिडकलकडे जा, नाहीतर जांबोटीच्या बाजूला. किंवा थांबा, मेमध्ये ती उत्तरेला पन्नास अंश वर चढते, मग शहरातल्या गच्चीवरूनही जमतं.

राजहंसगड फुकट जाऊ देऊ नका. मेच्या शेवटी रात्री साडेदहा-अकराला तिथून दक्षिणेकडे बघा. क्षितिजापासून तेरा अंशांवर एक ठळक पिवळसर तारा, तो मित्र. उजवीकडचा निळसर तो मित्रक. सूर्य सोडला तर उघड्या डोळ्यांना दिसणारा सगळ्यात जवळचा तारा हाच, सव्वाचार प्रकाशवर्षांच्या थोडा पुढे. आणि तोही जोडताराच, दोघांची फेरी ऐंशी वर्षांची. दिल्लीवाल्यांना तो क्षितिजाला घासून जेमतेम दिसतो, आपल्याला चांगला दिसतो. सीमाभागात राहायचे काही फायदे आहेत.

निपाणीकर_काका | २ मार्च

हे एक वाक्य मी फ्रेम करून लावतोय.

शहापूरची_लेक | २५ मे

परत आले. काल दुपारी वळीव धो धो पडला, संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं. जेवून गच्चीवर गेलो, पावणेदहा वाजले असतील, आणि नेमकी लाईट गेली. सप्तर्षी उत्तरेला पालथा टांगलेला. शेपटीतला मधला तारा धरला. मला एकच. नवरा चष्मा लावून म्हणतो दोन आहेत. मी म्हटलं थापा, डिसेंबरातही हो म्हणाला होतास. तर म्हणाला, "उजव्या हाताला आहे, किंचित खाली." खानापूरकरांच्या आजीची आठवण आली. कुठल्या अंगाला हे त्याने न विचारता सांगितलं.

मग मी थेट बघायचं सोडून जरा बाजूला बघितलं आणि ती आली. इवलीशी, पण सरळ वेगळी. मघाशी कशी दिसली नाही असं झालं.

आकाशवेडांना प्रश्न: भावाच्या दुर्बिणीतून, ती क्रिकेट बघायची असते ना, तिच्यातून दोघांच्या मधे तिसरा एक अगदी फिका ठिपका दिसला. तो सहातला कोणता?

आकाशवेडा_टिळकवाडी | २५ मे

सहातला नाही. तो खूप मागे, लांबचा तारा, आपल्या नजरेच्या रेषेत मधे येतो इतकंच. त्या कुटुंबाशी त्याचा काही संबंध नाही.

कुंदाप्रेमी | २५ मे

फोटोवाला.

अनगोळचे_गुरुजी | २५ मे

तुमचं अरुंधतीदर्शन आज पूर्ण झालं. आता वधूने बोलायला हरकत नाही.

शहापूरची_लेक | २६ मे

गुरुजी, नवरा विचारतोय, हे डिसेंबरात सांगितलं असतं तर साडेपाच महिने शांततेत गेले असते ना? सासूबाईंनाही काल वर नेलं होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, माझ्या लग्नातही मी खोटंच हो म्हटलं होतं.